धवळेरीची परीक्षा

लग्नात गाणी म्हणणाऱ्या वारली बाईला धवळेरी म्हणतात. पाड्यावर आता वनशी ही एकच धवळेरी उरली होती. गाण्यातली जोडीदारीण गेल्यावर चार वर्षं ती एकटीच गात होती. मग मास्तरांनी तिला शाळेत गाणी शिकवायला बोलावलं.

एकदा तपासणीला आलेले साहेब गरजले, “प्रमाणपत्र नाही? मग हा तास बंद!”

“तुम्हीच परीक्षा घ्या, साहेब. चुकले तर थांबवा,” म्हणत वनशी गाऊ लागली. मधली एक ओळ तिनं मुद्दाम गाळली. साहेब मान डोलवतच राहिले.

चौथीतली रखमी मात्र ताडकन उठली. “आजे, नवरीची ओळ राहिली!”

वनशी साहेबांकडे वळली. “कागद देणारे पुष्कळ आहेत, साहेब. चूक धरणारं माणूस फक्त इथं आहे.”

साहेबांनी शेरा न लिहिताच तपासणीची वही मिटली. नवरीची ओळ रखमीनं म्हटली, आणि वनशी डोळे मिटून ऐकत राहिली.