तांदळाची वडी आणि वाडग्यातलं शीत

फार पूर्वी कोरियातल्या एका गावात पाहुण्यापुढे मांडलेल्या सणाच्या ताटात तांदळाची एक गुलाबी वडी ऐटीत बसली होती. शेजारी सिख्ये नावाच्या थंडगार, गोड पेयाचा वाडगा होता आणि त्यात भाताची शितं तरंगत होती.

"शी! यात कुणाचं खरकटं पडलंय?" वडी किंचाळली.

एक शीत हळूच म्हणालं, "ताई, मला ओळखलं नाहीस? आपण एकाच लोंबीवर वाढलो. वारा सुटला की तू मला घट्ट धरायचीस. पुढे तुला उखळात कांडलं आणि मला शिजवून या पाण्यात सोडलं, एवढंच."

वडी जागच्या जागी थिजली. आवाज तर धाकट्याचाच होता! भानावर येऊन तिनं हाक मारली, "बाळा!"

तोवर पाहुण्यानं वाडगा तोंडाला लावून रिकामा केला होता.