चिंचोक्यांना आठवण नसते

एका माळरानावर हरिणांचा एक कळप राहत असे. उन्हाळ्यात तिथे एकच डबके उरे, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. सकाळी हरिणांनी प्यायचे, संध्याकाळी कोल्ह्याने. एकदा कोल्ह्याने तीन फोडलेले चिंचोके आणले, एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने पांढरे. कळपाच्या म्हाताऱ्या काळविटाला तो म्हणाला, "काळवीटराव, डाव टाकू या. तिन्ही पांढरे पडले तर माझी संध्याकाळ तुमची. नाही पडले तर तुमची सकाळ माझी. आज तुम्ही, उद्या मी, पाळीपाळीने जिंकू!" पहिल्याच डावाला तिन्ही पांढरे पडले. काळवीट असा खूश झाला की विचारू नका.

त्यानंतर मात्र तो रोज हरू लागला. हरिणे पहाटेचे दव चाटून दिवस काढू लागली आणि कोल्हा त्यांच्या वाट्याच्या पाण्यात मजेत लोळू लागला. कळपात एक तरुण हरिणी होती. तिचा पान्हा आटत चालला होता, आणि तिचे पाडस कोरडी जीभ बाहेर काढून पडून राहत होते. काळवीट मात्र रोज मान डोलावून म्हणे, "इतक्यांदा हरलो, म्हणजे आता आपलीच पाळी!" या कळपात चरणे, पहारा देणे, पाणी पिणे, सारेच पाळीने चाले, मग नशीबही पाळीनेच येणार, असे सगळ्या वडीलधाऱ्यांनी धरून टाकले होते.

हरिणीला राहवेना. तिने वाळूवर खुराने रेघा ओढल्या. "आजोबा, हे बघा. एक चिंचोका दोन तऱ्हांनी पडतो. दोन चिंचोके चार तऱ्हांनी, तीन आठ तऱ्हांनी. या आठांत तिन्ही पांढरे एकदाच येतात. एक तऱ्हा आपली, सात त्या लबाडाच्या!"

"पोरी, माझ्या शिंगांना जेवढे पीळ आहेत, तेवढे उन्हाळेसुद्धा तू पाहिले नाहीस," काळवीट म्हणाला. "उद्या आपलीच पाळी."

"पाण्याची पाळी येते, कारण आपण ती लक्षात ठेवतो. चिंचोक्यांना कालचं काही आठवतं का? रोज तेच आठ, आणि रोज आपला तोच एक!"

"मोठ्यांना उलट बोलू नये," एक म्हातारी हरिणी फणकारली. तिचे ओठही तहानेने फुटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हा चिंचोके घेऊन आला. काळवीट पुढे होणार, तोच तरुण हरिणी आडवी आली. "कोल्होबा, आज बाजू बदलू. तिन्ही पांढरे पडले तर तुम्ही जिंकलात. नाही पडले तर आम्ही."

"छे छे! रीत मोडायची नाही," कोल्हा म्हणाला.

"का? पाळीपाळीनेच जिंकायचंय ना? मग तुमचं काय जातंय?"

"मी पोरीसोरींशी डाव खेळत नाही!"

"मग आजोबांशीच खेळा. बाजू तेवढी बदला."

कोल्ह्याने काळविटाकडे आशेने पाहिले. काळविटाने वाळूवरच्या रेघांकडे पाहिले, मग डबक्याकडे. "खेळ की रे," तो हळूच म्हणाला. कोल्हा चिंचोके गोळा करू लागला. "आज जरा पोट बरं नाही," असे पुटपुटत तो मागे सरला. तेव्हा कुठे काळविटाला सारे उमगले. त्याने शिंगे खाली केली, आणि कोल्हा शेपूट घालून पळाला.

पाडस पाण्यात तोंड बुडवून घटाघटा पिऊ लागले. काळवीट घसा खाकरून म्हणाला, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

"मग आमची पाडसं इतके दिवस तहानलेली का राहिली, आजोबा?" हरिणीने विचारले.

तात्पर्य : पुष्कळ हरलो म्हणून आता जिंकूच, असे कधी समजू नये. जो समोरच्याशी बाजू बदलायला तयार नसतो, त्याचा खेळ सरळ नसतो. आणि केवळ वय वाढले म्हणून चुकलेला हिशेब बरोबर ठरत नाही.