चंद्र उगवेपर्यंत

त्या राज्यात पौर्णिमेला घडलेल्या कशाचीही चौकशी होत नसे. चांदणं डोक्यात शिरलं की पंजा आपला राहत नाही, असं सगळेच मानत. मागे रानडुकरानं एका पौर्णिमेला सखाजी साळिंदराचं बीळ उकरून त्याला ठार केलं, तेव्हा साळिंदरीण दरबारात गेली होती. हत्तीमहाराज हळहळले. म्हणाले, "बाई, अपराध चंद्राचा. त्याला इथं कोण धरून आणणार?" रानडुक्कर स्वतः सांत्वनाला आलं, तिच्या गळ्यात पडून रडलं, आणि महिना उलटायच्या आत सखाजीच्या बिळात राहायला गेलं.

डोंगराच्या कुशीत तुळसा भेकरीचं घर होतं. नवरा गेलेला, पदरी एक पाडस. घराशेजारी झरा होता आणि त्या उन्हाळ्यात साऱ्या उतारावर तेवढंच पाणी उरलं होतं. दौलतराव तरस रोज सकाळी तिथं येई, अदबीनं विचारून पाणी पिई आणि आभार मानून जाई.

एके दिवशी पाणी पिऊन झाल्यावर तो घुटमळला.

"वहिनी, पौर्णिमा जवळ आली. जरा जपून असा."

"का हो, दौलतराव?"

"माझा मलाच भरवसा वाटत नाही बघा. त्या दिवशी मी मी नसतो." एवढं बोलून त्यानं झऱ्याकडे एकवार पाहिलं, मग पाडसाकडे.

तुळसा तशीच दरबारात धावली. हत्तीमहाराजांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पण अजून काही घडलेलं तर नाही," ते म्हणाले. पळून जावं म्हटलं, तर पाडसाच्या पायांत अजून बळ नव्हतं. परत येताना तिला खडकाआड दौलतराव दिसला. तो दगडावर दात घासत होता, सावकाश, एकेक करून.

पौर्णिमेच्या संध्याकाळी उतारावरची बिळं लवकर मिटली. तुळसानं पाडसाला आत ढकललं आणि स्वतः दारात उभी राहिली. सूर्य बुडाला. पूर्वेला मात्र वळवाचा काळा ढग दाटून आला होता आणि चंद्राचा पत्ता नव्हता.

दौलतराव ठरल्यासारखा आला. दाराशी आला, वर पाहिलं, आणि थांबला.

"आलाय का हो तो?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"चंद्र."

"नाही अजून."

"हं." तो पाय दुमडून बसला. तिच्या गळ्यापासून हातभर अंतरावर त्याचे दात होते. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. अगदी संथ चालला होता. मधूनच तो मान उंचावून ढगाकडे बघे आणि पुन्हा पंजे नीट जुळवून बसे. त्याचं ते बसणं बघता बघता तुळसाच्या आत काहीतरी ताठ झालं.

"दौलतराव," ती म्हणाली, "झरा हवाय ना तुम्हाला?"

"हवाय."

"आणि पाडस?"

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "तेही."

"मग बसलात का? घ्या की आत्ता."

दौलतराव दचकला. असं कुणी भलतंच विचारतं का, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आत्ता कसं, वहिनी? आत्ता मी शुद्धीवर आहे."

तुळसा भुंकली. भेकराचं भुंकणं डोंगरापलीकडे जातं. बिळांची तोंडं उघडली. झुडपांआडून कोल्हा, रानमांजर, रानडुक्कर बाहेर आले. ज्याचं त्याचं काही काम निघालं होतं त्या संध्याकाळी, आणि तेही वर बघत थांबले होते.

"पुन्हा सांगा, दौलतराव," ती ओरडली. "काय म्हणालात? सगळ्यांना ऐकू द्या!"

तेवढ्यात ढग फाटला. लख्ख चांदणं उतारावर सांडलं. दौलतराव झटकन उठला, रिवाजाप्रमाणे आभाळाकडे तोंड करून त्यानं जबडा वासला. पण आवाज फुटेना. कुणीच चंद्राकडे बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. सर्वांत पुढे साळिंदरीण होती, काटे उभारून. रानडुकरानं मान खाली घातली. रानमांजरानं बाहेर काढलेली नखं हळूच पोटाखाली घेतली.

दौलतरावानं जबडा मिटला आणि तो उताराला लागला. वाट अरुंद होती. मधोमध एक गोगलगाय चालली होती. तो थांबला. तिचं पूर्ण ओलांडून होईपर्यंत, डोक्यावर भरलेला चंद्र घेऊन, एक पाय अधांतरी धरून तो निमूट उभा राहिला.