सालिकेचे खणखणीत मडके

भिक्षूंचे गुरू भगवान शास्ता एका नगराबाहेरच्या विहारात राहत होते, तेव्हा घडलेल्या एका लहानशा गोष्टीवरून त्यांनी ही कथा सांगितली.

त्या नगरात चंपिका नावाची एक बाई घरोघरच्या चुलींमधली राख उचलून वेशीबाहेर नेण्याचे काम करी. पहाटेपासून तिच्या डोक्यावरची पाटी उतरत नसे, आणि तरी तिची स्वतःची चूल दिवसाआड पेटे. एके दिवशी तिने भिक्षू उत्तियाच्या पात्रात मूठभर कण्या घातल्या. विहारात परतल्यावर उत्तिय इतर भिक्षूंना म्हणाला, "बिचारी! मागच्या जन्मी तिने कोणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतला असणार. त्याशिवाय का असे दारिद्र्य वाट्याला येते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्या कण्या तोवर उत्तियाच्या पोटात गेल्या होत्या.

शास्त्यांनी हे बोलणे ऐकले. ते आत येऊन आसनावर बसले आणि म्हणाले, "उत्तिया, दुसऱ्याच्या मागच्या जन्मात डोकावणे सोपे असते. त्याच्या घरात डोकावणे जड जाते. हे बोलणेही काही नवे नाही. पूर्वीही कोणी असेच बोलले होते." भिक्षूंनी विनंती केली, तेव्हा त्यांनी गतकाळातली हकिकत सांगितली.

पूर्वी शिलावती नगरात राजा महाक्षेम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव पालित. त्याच्या हाताला गुण होता. त्याच्या मडक्यावर बोटाने टिचकी मारली की खणखणीत नाद निघे आणि बराच वेळ टिके.

शिलावतीत एक जुनी रीत होती. दर पौर्णिमेला राजाच्या कोठारातून गरिबांना धान्य वाटले जाई. पण गरीब कोण, हे ठरवायचे कसे? पूर्वीच्या एका राजाने दुष्काळात एका म्हातारीचे फुटके मडके स्वतःच्या हाताने भरले होते. त्याच्या मनात दया होती. पुढच्यांनी दया बाजूला ठेवली आणि फुटके मडके तेवढे उचलले. ज्याचे मडके फुटके तो गरीब, असा नियम झाला. कोठारी बलक दारात बसे आणि प्रत्येक मडक्यावर टिचकी मारी. बद्द वाजले तर पायलीभर धान्य, खणखणीत वाजले तर आल्या वाटेने परत. शिवाय महिन्यातून एकदा त्याची माणसे गरिबांच्या झोपड्यांतून फिरत. घरात धड मडके सापडले, की त्या घराचे धान्य बंद होई.

त्यामुळे शिलावतीतले गरीब लोक आपली मडकी आपल्याच हाताने फोडत. ती फोडताना बाया तोंड फिरवून घेत, कारण हातचे भांडे फोडावे असे कोणाला वाटते? मग त्या भेगेतून वाटेवर धान्य गळे. राहिलेल्याला घरी दमट हवा लागे, किडे लागत, उंदीर वाटा घेत. वद्य पक्ष लागला की झोपड्यांमध्ये उपास सुरू होत. आणि रस्त्यावर सांडलेले दाणे पाहून सज्ज्यांमधले श्रीमंत लोक म्हणत, "पाहा, यांच्या हातावर काही ठेवा, ते सांडणारच. यांना सांभाळताच येत नाही." चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तसा तो न्याय होता.

कुंभारांचे मात्र यात बरे चालले होते. पौर्णिमा जवळ आली की ते अर्धवट वाळलेली मडकी भट्टीच्या तोंडाशी लावत. ती आचेने तडकत आणि हातोहात खपत. पालितही तेच करीत असे. आपल्या आजोबांनी केले, बापाने केले, आपण करतो, यापलीकडे त्याने कधी विचार केला नव्हता. बोधिसत्त्व झाला म्हणून तो पोटातून शहाणा होऊन आला नव्हता.

त्या नगरात सालिका नावाची एक विधवा होती. ती लोकांच्या घरी भात कांडी. सकाळपासून तांदूळ तिच्या हातांखालून जात आणि तिच्या हाताला कोंडा लागे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात, पण सालिका आंधळी नव्हती. तिला सगळे दिसत होते. नदीकाठी तिच्या नवऱ्याची पाणथळ जमिनीची एक पट्टी पडीक होती. दरवर्षी कापणीनंतर ती दुसऱ्यांच्या शेतांतला सरवा, म्हणजे गळून राहिलेल्या लोंब्या, वेची, त्यातले टपोरे दाणे बियाण्यासाठी बाजूला काढी आणि फुटक्या मडक्यात ठेवी. तीन वर्षे तिने असे केले, आणि तीन वर्षे पेरणीच्या वेळी मडक्यात काळी भुकटी निघाली.

चौथ्या वर्षी ती पालिताच्या अंगणात आली.

"दादा," ती म्हणाली, "मला एक धड मडके हवे."

"बाई, कोठाऱ्याने पाहिले तर तुझे धान्य बंद होईल."

"होऊ दे. बियाणे राहिले तर शेत होईल. तुला चांगले मडके करता येते ना? सगळे गाव म्हणते तुझ्यासारखा हात नाही. मग त्या हाताने मला दरसाल फुटके का देतोस?"

पालिताला लाज वाटली, आणि ती लाज खरी होती. त्याने त्या दिवशी एक मडके घडवले, नीट वाळवले, सबंध भाजले. सालिकेने त्यात बियाणे भरले, कडुलिंबाचा पाला घातला, शेणमातीने तोंड लिंपून टाकले आणि मडके झोपडीच्या कोपऱ्यात पुरले.

वैशाखात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, कोठाऱ्याची माणसे आली. एकाच्या काठीला कोपऱ्यातली जमीन पोकळ लागली. त्यांनी मडके उकरून काढले, भेग नाही हे पाहिले, आणि दोन दिवसांनी सालिकेला मडक्यासकट राजसभेत नेले. मडके कोणाच्या हातचे आहे हे घडणीवरूनच कळत होते, म्हणून पालितालाही बोलावणे गेले.

कोठारी बलक म्हणाला, "महाराज, ही बाई खोटी गरीब आहे. हिच्याकडे धड मडके आहे, तेही भरलेले. असे लोक खऱ्या गरिबांचा घास खातात."

राजा दुष्ट नव्हता. त्याला भांडण लवकर मिटवायचे होते, एवढेच. तो म्हणाला, "बाई, हे मडके इथेच फोड. तुझे धान्य पुन्हा सुरू करतो."

सालिकेने मडके छातीशी धरले होते. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हते, कारण झडतीच्या दिवशीच तिचा वाटा थांबला होता. सगळी सभा तिच्याकडे पाहत होती.

"फोडले तर तुमचे धान्य मिळेल," ती म्हणाली. "ठेवले तर माझे पिकेल. मी फोडणार नाही."

"मग पुन्हा कधी मिळणार नाही."

"ऐकले मी, महाराज."

तेव्हा राजपुरोहित पिंगल उठला. तो मोठा विद्वान होता आणि आवाजही मधुर होता. तो म्हणाला, "महाराज, रागावू नका. हे लोक मागच्या जन्मीचे भोगत आहेत. यांनी दानाची पात्रे फोडली असतील, म्हणून यांच्या घरी धान्य टिकत नाही. पुण्यवंताच्या घरी फुटक्या मडक्यातही दाणा नासत नाही. आपण यांच्या कर्मात कशाला पडावे?"

सभेला हे पटले. ज्यांची कोठारे भरलेली होती त्यांना तर फारच पटले.

पालित पुढे झाला. "महाराज, मी कुंभार आहे. मला जन्मांचे कळत नाही, मडक्यांचे कळते. ही फुटकी मडकी माझ्या हातची आहेत. मी ती मुद्दाम तडकवली, या लोकांनी ती मुद्दाम फोडली, कारण तुमचा नियम तसा आहे. आधी भेग पाडायला लावायची आणि मग सांडले म्हणून नावे ठेवायची, ही कुठली रीत? पण पुरोहितांचे म्हणणे खरे असेल तर ते तपासून पाहता येईल. येत्या आषाढाचा महिनाभर त्यांच्या घरचे सगळे धान्य माझ्या फुटक्या मडक्यांत ठेवू द्या. त्यांचे पुण्य भेग बुजवते का ते पाहू. बुजवली तर मी माझे चाक नदीत सोडीन."

पिंगलाची इकडे आड तिकडे विहीर झाली. हो म्हणावे तर घरचे धान्य पणाला लागते, नाही म्हणावे तर भर सभेत स्वतःच्या पुण्यावर विश्वास नाही असे ठरते. तो हसून हो म्हणाला. सालिका आपले मडके घेऊन सभेतून बाहेर पडली. तिला कोणी अडवले नाही.

इकडे कुंभारांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या पंचायतीने, पालिताला बोलावले. वडीलधाऱ्यांनी त्याला समजावले की फुटकी मडकी बंद झाली तर आपल्या पोटावर पाय येईल. धड मडके एकदा घेतले की माणूस वर्षभर फिरकत नाही. पालित म्हणाला, "खरे आहे. पण आपले पोट भरायला दुसऱ्याचे मडके फुटलेलेच राहावे, असा धंदा मला आता जमणार नाही." श्रेणीने त्याला मातीच्या खाणीवर यायला बंदी केली. तो दोन कोस चालून दुसरीकडून माती आणू लागला. त्याने उरलेल्या दिवसांत जेवढी होतील तेवढी धड मडकी भाजली आणि झोपडीझोपडीत नेऊन दिली. कोणावर सक्ती केली नाही. काहींनी घाबरून परत केली, ती त्याने परत घेतली.

आषाढी पौर्णिमेला कोठाराच्या दारात रांग लागली. बलकाने पहिल्या मडक्यावर टिचकी मारली. खणखणीत वाजले. दुसरे वाजले, तिसरे वाजले. एका म्हातारीने तर मडके पुढे धरून स्वतःच टिचकी मारून दाखवली. बलक म्हणाला, "धान्य मिळणार नाही." ती म्हणाली, "माहीत आहे. ऐकवायला आणले होते." ती सगळी माणसे रिकामी मडकी घेऊन परत गेली. त्या महिन्यात त्यांनी रानातले कंद खाल्ले, टाकळ्याची भाजी खाल्ली, पालिताच्या घरचे होते ते वाटून घेतले. भूक लागत नव्हती असे नाही. दोन म्हातारी माणसे त्या महिन्यात दगावली, आणि ते सांगताना शास्त्यांचाही स्वर खाली आला.

महिना संपला. राजा पालिताला घेऊन स्वतः पिंगलाच्या घरी गेला. मडकी उघडली, तेव्हा वरच्या थराला मोड आले होते, मधला बुरसला होता आणि तळाशी उंदरांनी घर केले होते. घरभर आंबट वास सुटला होता.

पिंगल म्हणाला, "नोकर हलगर्जी आहेत, महाराज. नाहीतर असे झाले नसते."

राजाने एका मडक्याच्या भेगेवरून बोट फिरवले. मग त्याने पालिताला विचारले, "दोष कोणाचा?"

"भेगेचा, महाराज. आणि जो ती पाडायला लावतो त्याचा."

राजाने त्याच दिवशी नियम रद्द केला. झडत्या थांबल्या. जो मागेल त्याला धड मडक्यात धान्य मिळावे, असे ठरले. पुढच्या पौर्णिमेला राजा स्वतः कोठाराच्या दारात येऊन बसला आणि आलेल्यांची मडकी आपल्या हाताने भरू लागला. रांग संपली तेव्हा त्याने विचारले, "ती बाई कुठे आहे? तिचा वाटा तिला द्यायचा आहे."

कोणीतरी सांगितले, "ती आली नाही, महाराज. तिच्या भाताची निंदणी चालू आहे."

शास्त्यांनी कथा संपवली आणि तेव्हाची माणसे आताच्या माणसांशी जुळवून दाखवली. "तेव्हाचा राजा महाक्षेम म्हणजे आज या विहाराला जमीन देणारा धनिक श्रेष्ठी. रिकामी मडकी घेऊन परत गेलेली माणसे म्हणजे इथे बसलेली ही परिषद. कुंभार पालित मीच होतो. पुरोहित पिंगल म्हणजे, उत्तिया, तू. आणि सालिका म्हणजे नगरातली राख उचलणारी चंपिका."

उत्तियाची मान खाली गेली होती. तरी त्याने विचारले, "भगवन्, तिने त्या जन्मी कोणाचे वाईट केले नाही. उलट एवढे धैर्य दाखवले. मग आज ती दरिद्री का?"

"हे मला का विचारतोस?" शास्ता म्हणाले. "ती रोज तुझ्या वाटेवर भेटते. तिला विचार. इतके राबून तुझी चूल का पेटत नाही, आमच्यापैकी कोण ती विझवतो, असे विचार. ती सांगेल. तिला आजवर कोणी विचारलेले नाही."

या जातकात सांगितलेला गुण वीर्याचा आहे, म्हणजे अन्यायापुढे ताठ उभे राहण्याच्या बळाचा. काही जण हिला दानाची कथा म्हणतात. तसे म्हणू नये. दान तर कोठारी बलकही करीत होता.