तांब्याच्या हंड्यातला समुद्र

त्या दिवशी फाल्गुनातला कोरडा वारा सुटला होता. तासगावच्या बेदाण्याच्या शेडांवरची हिरवी जाळी फडफडत होती आणि सुकत्या द्राक्षांचा आंबूस-गोड वास गावभर पसरला होता. आभाळात ढगाची रेघसुद्धा नाही. ओठ चाटावेत, तर चाटेपर्यंत पुन्हा कोरडे, अशी हवा.

"मेला कशानं, तेवढं सांगा."

जयवंत मयेकर तक्याच्या दारात उभा होता. हातात काचेची बरणी. बरणीच्या तळाशी एक शंख, आणि शंखातून अर्धा बाहेर लोंबलेला इवलासा खेकडा.

दस्तगीरबाबा लंगड्या बकरीला पाला घालत होते. त्यांनी आधी बरणीकडे पाहिलं. मग जयवंतकडे पाहिलं.

"बस की."

"नको. दुकान उघडायचंय."

हा तक्या म्हणजे फकिराची राहायची जागा. एक खोली, पुढं अंगण, अंगणात कडुनिंब. जयवंतच्या घराची आणि तक्याची भिंत एकच. लोकांना नको झालेलं सगळं बाबांच्या दारात येऊन पडे. लंगडी बकरी आली ती तशीच. पिसं झडलेला पोपट आला तो तसाच. आणि बदली झालेला एक डॉक्टर जाताना आपली खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवून गेला, तीही तशीच. काच हिरवट, मागची बाजू शेवाळानं भरलेली, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात नारिंगी पट्ट्यांचा एक मासा मजेत फिरायचा.

जयवंतचं चष्म्याचं दुकान. काच पुसावी तर त्यानंच. त्याच्या घरातली गोड्या पाण्याची टाकी बघायला लोक मुद्दाम यायचे. काच आहे की नाही, असं वाटून पोरं बोट लावून बघायची. दर रविवारी तो ती रिकामी करून धुवायचा. बाबांची टाकी पाहिली की त्याच्या हाताला खाज सुटे.

"बाबा, फडकं देऊ का एखादं?" असं तो भिंतीवरून विचारी.

"दे की. पोपटाच्या पिंजऱ्यावर घालीन," असं बाबा म्हणत.

असं त्यांचं चालायचं.

मग मालवणहून जयवंतची आई आली. आली म्हणजे आणली. पडली होती, कंबरेचं हाड गेलं होतं. जन्म समुद्राकाठी काढलेली बाई आता तासगावात, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळ झाली की विचारायची, "झिला, भरती इली काय रे?"

इथं कसली भरती...

जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. डॉक्टर नुसत्या गोळ्या लिहून देई. पण जयवंत माणसांचे डोळे तपासणारा. आईच्या डोळ्यातलं विझणं त्याला दिसत होतं.

तेव्हा त्यानं ठरवलं. आये समुद्राकडे जाऊ शकत नाही ना? मग समुद्र आयेकडे आणायचा.

त्यानं आपले सगळे मासे शाळेला देऊन टाकले. टाकी आयेच्या खाटेसमोर मांडली. टाकीत घालायचं समुद्राचं मीठ मागवलं, खारेपणा मोजायची नळी मागवली. चुलतभावानं मालवणच्या खडपावरचा, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावरचा, दगड आणि शंखातले खेकडे ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं पाठवले.

खेकडे मेले. पुन्हा मागवले. पुन्हा मेले. बरणीतला हा शेवटचा.

"माझ्या कामात खोट नाही," जयवंत म्हणाला. "मीठ बरोबर. ऊब बरोबर. खारेपणा मोजून बघितलाय. तुमच्या टाकीत इतकी घाण, आणि तुमचा मासा जगतो. माझी टाकी आरशासारखी, तर..."

"दगड कसा घातलास?"

"कसा म्हणजे? काय काय चिकटलं होतं त्याला! वळवळत होतं. उकळतं पाणी ओतलं, ब्रशनं घासला. स्वच्छ केला आणि मग ठेवला."

बाबा बकरीच्या कानामागं खाजवत राहिले.

"मीठ कशात कालवलंस?"

जयवंतची मान ताठ झाली. "आयेच्या लग्नातल्या तांब्याच्या हंड्यात. रात्रभर ठेवलं. प्लास्टिक नाही वापरलं मी, बाबा. आयेसाठी समुद्र करायचा, तर भांडंही तसंच पवित्र नको?"

"काळा पडला असंल की हंडा. जुना."

"पडला होता. पण मिठाच्या पाण्यानं काय निघाला म्हणता! आतून नुसता सोन्यासारखा. घासायलाही लागला नाही."

बाबांचा हात थांबला.

"मग काळं गेलं कुठं?"

"अं?"

"हंड्याचं काळं. हंड्यावर न्हाई म्हणतोस. तू घासलं न्हाईस म्हणतोस. मग गेलं कुठं त्ये?"

जयवंत हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं.

पाण्यात गेलं. दुसरं कुठं जाणार?

त्याला लहानपण आठवलं. आये रात्री त्याच हंड्यात पिण्याचं पाणी भरून ठेवायची. का गं, म्हणून विचारलं, तर म्हणायची, तांब्यात पाण्यातले बारीक किडे मरतात...

त्यानं बरणीतल्या खेकड्याकडे पाहिलं.

वारा आला. कडुनिंबाची वाळकी पानं अंगणात घसरत गेली.

"म्हणजे मीच..." जयवंत म्हणाला.

बाबा उठले. हात न पुसता त्यांनी तो आपल्या टाकीत घातला, कोपरापर्यंत. एक दगड बाहेर काढला. कसला दगड तो! वर हिरवं, खाली जांभळट, भोकाभोकांत चिखलासारखं काहीतरी. रंगाची एक रिकामी बादली होती, तीत टाकीतलं पाणी घेतलं आणि त्यात दगड ठेवला.

"तुझी वाळू टाकून दे. दगड टाकून दे. पाणी टाकून दे. काच तेवढी धू, ती तुला येतीच. नवं पाणी प्लास्टिकच्या बादलीत कालीव. मग ह्यो ठेव त्यात."

"हा?" जयवंतनं नाक आक्रसलं. "धुऊन ठेवतो."

बाबांनी बादली मागं ओढली.

"नाही, नाही. तसाच ठेवतो."

"आणि खेकडा न्हाई, मासा न्हाई. कायबी आणायचं न्हाई."

"मग टाकीत ठेवायचं काय?"

"ह्यो हाय की."

"बाबा, आयेला समुद्र दाखवायचाय मला! दगड नाही. आणि तिच्याकडे..." जयवंतनं आवाज खाली आणला. "तिच्याकडे फार वेळ नाही."

बाबांनी बादली त्याच्या हातात दिली. जड होती.

"तिच्याकडं हाय," ते म्हणाले.

जयवंत बादलीवर पंचा टाकून घरी गेला. वाटेत कोणी बघू नये म्हणून.

*

दगड टाकीत बसला. बसला तो बसलाच. पाणी हलत होतं, बाकी काही नाही.

चैत्र लागला. मग टाकीला रंग चढू लागला. वाळूवर तांबूस साय धरली. काचेवर धुरकट पुटं आली. पूर्वी टाकी बघायला येणारे आता टाकी बघून हसायला येऊ लागले.

"काय मयेकरशेठ, मासे सुट्टीवर का?" कापडवाला केराप्पा म्हणाला.

त्याच्याबरोबरचा म्हणाला, "अरे, त्यांनी चहा ठेवलाय उकळायला. दूध घालायचं राहिलंय नुसतं."

जयवंत हसला. पण त्याचे कान तापले. सगळ्या गावाला नीट दिसावं म्हणून जो काचा लावतो, त्याच्याच घरातली काच अशी! एकदा संध्याकाळी तो दुकानातून आला तो सरळ फडकं घेऊन टाकीपुढं उभा राहिला.

"पुसू नको रे, झिला."

तो दचकला. आये आपणहून बोलली होती. आणि तिचं तोंड भिंतीकडे नव्हतं, टाकीकडे होतं.

"आये, काही दिसत नाही त्यात."

"माका दिसता."

"काय दिसतं?"

"थंय बघ, दगडाच्या पोटाक. हात भायर काढता... आणि परत आत घेता."

जयवंतनं चष्मा सारखा केला. वाकला. दगड. हिरवा, जांभळा, घाणेरडा दगड. मग त्यानं खिशातलं भिंग काढलं, ज्यानं तो चष्म्याचे बारीक स्क्रू बघायचा, आणि ते काचेला लावलं.

"काही नाही, आये."

"दिवो पाल्हय." म्हणजे दिवा मालव.

त्यानं मालवला. खोलीत संध्याकाळचा उजेड तेवढा राहिला.

"वायच बस."

"बसतो गं नंतर," असं म्हणत तो तसाच वाकून उभा राहिला. कंबर भरून आली. रस्त्यापलीकडं दुकानातला पोरगा शटर ओढत असल्याचा आवाज आला. जावं की काय, असं त्याच्या मनात आलं...

आणि दगडाच्या एका भोकातून एक दोरा बाहेर आला.

दोरा नव्हे, हात. राखाडी, काटेरी, केसाएवढा बारीक. तो पाण्यात वर आला, चाचपडला, वळला. पाण्यातून काहीतरी वेचल्यासारखा मागं गेला. पुन्हा आला. शेजारच्या भोकात कुणीतरी पांढरी छत्री उघडली, ती नखाएवढीही नव्हती. काचेवरच्या पुटांवरून तिळाएवढा एक शंख चालत होता. त्याच्या मागं स्वच्छ काचेची वाट उमटत होती.

जयवंतच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. ही सगळी चिल्लीपिल्ली बाबांच्या दगडातून आलेली. त्या घाणीतून. मालवणच्या दगडावरही अशीच वळवळत होती ती...

"ह्यां कधीपासून बघतंस?" त्याच्या तोंडून मालवणीच निघाली. कितीतरी वर्षांनी.

"रोज, तू दुकानातसून येवच्या आदी." आये हसली. वरचा दात नव्हता, तिथं काळोख दिसला. "दिवसा झोपतत ती. तिन्हीसांज झाली की उठतत. खडपार तशीच असत. आम्ही पोरां पाण्यात पाय सोडून बसां, तेवा बोटांक गुदगुल्यो करत."

मग तिनं पांघरुणातून पाऊल बाहेर काढलं. सुकलेलं, निळ्या शिरांचं पाऊल. टाकीच्या दिशेनं थोडं पुढं केलं.

"भरती इली," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं ते विचारणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तिनं भात मागितला. वर म्हणाली, "तुझ्या गावच्या आमटीक चव नाय." जयवंतला आमटीची ती निंदा देवाच्या प्रसादासारखी लागली.

*

जयवंत तक्यात गेला तेव्हा बाबा पोपटाला मिरची भरवत होते. कडुनिंबाला मोहोर आला होता.

"बस की."

"नको, घाईत आहे." तो दारातच उभा राहिला. पण चेहरा कसा फुललेला! "बाबा, टाकी तयार झाली. पाणी तपासलं, सगळं ठीक आहे. काचेवरची तांबूस पुटंही आपोआप कमी झाली. आता सांगलीहून मासा आणतो, तुमच्यासारखा, नारिंगी. आणखी एक निळाही. आणि वरून एक चांगला दिवा."

बाबांनी पोपटाला दुसरी मिरची दिली.

"आये काय म्हणती?"

"तिचं काय..." जयवंत कानकोंडा झाला. "ती म्हणते, गर्दी कित्याक होयी? कशाला हवी म्हणे."

बाबा हसले. पोपट त्यांच्या बोटाला चावला, तरी हसत राहिले.

"पण असं कसं चालेल, बाबा? ती दिवसभर एकटी असते. मी दुकानात. संध्याकाळी आलो की वाकून बघतो घटकाभर. मला दाखवायला ती टपूनच बसलेली असते. आज कोण उठलं, कोण रुसलं, नावंसुद्धा ठेवलीत तिनं. माझी कंबर धरते वाकून वाकून, मग मी जातो जेवायला. मी गेल्यावर ती बोलतच असते. दगडाशी." त्यानं भिंतीकडे पाहिलं. "तेव्हा वाटतं, अजून काहीतरी कमी आहे तिथं. मीठ आहे, पाणी आहे, दगड आहे, जीव आहेत. तरी काहीतरी राहिलंय. मासा नको, तर मग काय आणू?"

बाबांनी पोपटाला पिंजऱ्यात ठेवलं.

बकरी उठली, लंगडत आली आणि जयवंतचा सदरा हुंगू लागली. त्यानं तिला ढकललं नाही. भिंतीपलीकडून आयेचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सांगत होती, "वायच थांब, येतलो तो आता..."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. तिन्हीसांजेला फार वेळ नव्हता.

"सांगा ना, बाबा. काय आणू?"

दस्तगीरबाबांनी त्याच्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. दारात उभा होता तो, नेहमीसारखा.

"खुर्ची."