महाराजांची चिरूट

कुरणगडच्या महाराजांना चिरूट ओढायची होती, आणि तीही फुकटात. सगळं दुखणं एवढंच.

झालं होतं असं, की गेल्या दसऱ्याच्या दरबारात इंग्रज सरकारच्या रेसिडेंटसाहेबांनी खिशातून डबी काढली आणि एक चिरूट महाराजांपुढे धरली. महाराजांनी जन्मभर हुक्का ओढलेला. हुक्का ओढायचा तो छाती भरून. त्यांनी चिरूटही तशीच ओढली, आणि मग असे खोकले की पगडी उडून साहेबांच्या मांडीवर पडली. साहेब हसले, मेमसाहेब हसल्या. सरदार हसले नाहीत, त्यांना आपापली वतनं प्यारी होती. पण मिशा थरथरताना सगळ्यांनी पाहिल्या.

यंदाचा दसरा जवळ आला तसे महाराज इरेला पेटले. "या खेपेला आमच्या हातात आमची चिरूट हवी," ते दिवाणांना म्हणाले.

दिवाणांनी मुंबईहून भारीतली पेटी मागवली. एकेक चिरूट मुसळासारखी. मग काय, दरबारात सगळेच जाणकार झाले. एक सरदार म्हणाले, जाड तेवढी चांगली. दुसरे म्हणाले, काळी तेवढी चांगली. फडणीस तर नारळ घ्यावा तशी चिरूट कानाशी हलवून बघत होते. यातल्या एकानंही आयुष्यात चिरूट ओढली नव्हती. महाराजांनी एक पेटवली, छाती भरून झुरका घेतला, आणि डोळे पांढरे करून पलंगावर आडवे झाले. पेटीची किंमत कळल्यावर मात्र ताडकन उठून बसले.

"बोलवा त्या राघुजीला!"

राघुजी म्हणजे वाड्यावर हुक्का भरणारा म्हातारा. हात कापायला लागल्यापासून त्याची लेक सगुणा निखाऱ्यांची शेगडी घेऊन बरोबर यायची.

"राघुजी, तंबाखूचं खातं तुझं," महाराज म्हणाले. "दसऱ्याला मला चिरूट हवी. साहेबाच्या चिरुटीपेक्षा तसूभर कमी नको. एक पैसा खर्च होता कामा नये. आणि मला खोकला येता कामा नये. जमत नसेल तर तबेल्यामागची खोली रिकामी कर."

त्या खोलीत सगुणा जन्मली होती, तिची आई तिथंच गेली होती. दुसरं छप्पर बापलेकीला नव्हतं.

सगुणानं शेगडी खाली ठेवली. "महाराज, हुक्क्याचा धूर पाण्यातून गार होऊन येतो. चिरुटीचा तसा नाही. तो तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा, छातीत घ्यायचा नाही. नवख्या माणसानं बारीक, हलकी चिरूट घ्यावी. मद्रासकडची बाजारात मिळते. स्वस्त आहे आणि चांगली आहे."

"ती आमचा गाडीवान ओढतो."

"म्हणून तर तो खोकत नाही."

महाराजांनी डोळे वटारले. "आणि धूर सोडूनच द्यायचा, तर पैसे कशाचे मोजायचे? ते काही चालणार नाही. तिन्ही अटी पाळायच्या."

"पाळते, महाराज. चिरूट भर दरबारातच हजर करते."

बाहेर आल्यावर राघुजीनं कपाळावर हात मारला. "घालवलीस ना खोली, बाई."

"आबा, सामान बांधू नका," सगुणा म्हणाली.

दसरा उजाडला. कुरणगडचा रिवाज असा, की इनामदार-पाटलांनी नजराण्याची मोहर रुमालावर ठेवून पुढे करायची, महाराजांनी तिला नुसतं बोट लावायचं, आणि मोहर ज्याची त्याला परत. बोट लागलं की मान पोचला. देणारा चाकर आणि घेणारा धनी, हे चारचौघांत पक्कं झालं. मोहर परत जाताना महाराज मान वळवून तिच्याकडे बघत राहत, पण रिवाज आजोबांनी घातलेला, करतात काय! दर बोटाला चोपदार ओरडायचा, "नजर कबूल!" म्हणजे नजराणा पावला.

पाटलांची रांग संपली आणि रेसिडेंटसाहेब गालात हसत खुर्चीवरून उठले. डबी उघडून त्यांनी चिरूट महाराजांपुढे धरली. मेमसाहेबांनी आधीच पंखा तोंडाशी नेला. सरदार जमिनीकडे बघायला लागले.

महाराज मागे शेगडी घेऊन उभ्या असलेल्या सगुणेकडे वळून दातओठ खात म्हणाले, "सगुणे, माझी चिरूट कुठंय?"

"ती काय, साहेबांच्या हातात. बोट लावा आणि परत द्या."

महाराजांनी आधी चिरुटीकडे पाहिलं, नंतर मोहरा घेऊन बसलेल्या पाटलांकडे. मग त्यांनी सावकाश एक बोट पुढे केलं, चिरुटीला टेकवलं आणि मागे घेतलं. चोपदार सकाळपासून तेच ओरडत होता, तो सवयीनं ओरडला, "नजर कबूल!" सगळा दरबार मुजऱ्याला वाकला. हा मान आपलाच, असं समजून साहेबांनीही झुकून नमस्कार केला आणि चिरूट डबीत परत ठेवली.

एक म्हातारा पाटील शेजाऱ्याच्या कानाशी लागला. "हा तर आपल्या रांगेत आला की रे."

दरबार उठल्यावर महाराजांनी बापलेकीला बोलावलं. "आता अटींचा हिशोब दे."

"साहेबाच्यापेक्षा कमी नको म्हणालात, ती साहेबाचीच होती," सगुणा म्हणाली. "पैसा एकही गेला नाही. आणि खोकल्याचं म्हणाल, तर साहेबांना मराठी कळत असतं तर आज तो त्यांना आला असता."

महाराज मांडीवर थाप मारून हसले. "वा! दिवाणजी, ती मुंबईची पेटी आणा. उरलेल्या सगळ्या चिरुटी हिला बक्षीस!"

राघुजीनं हात जोडले. सगुणा पुढे झाली, तिनं पेटीला एक बोट लावलं, आणि पेटी महाराजांकडे परत सरकवली.

"नजर कबूल, महाराज."

दिवाणांनी आ वासला. राघुजीनं डोळे मिटून घेतले. आणि महाराज असे खदखदा हसले की पगडी पुन्हा उडाली, या खेपेला दिवाणांच्या मांडीवर. सरदारांनीही मग मिशा सैल सोडल्या.

"लिहा दिवाणजी," महाराज डोळे पुसत म्हणाले. "तबेल्यामागची खोली राघुजीच्या आणि सगुणेच्या नावानं कायमची. शेजारचीही द्या. आणि हे बोट लावून परत घेण्यातलं नाही, असंही लिहा."

कागदावर शिक्का उमटला, तेव्हा कुठे सगुणानं शेगडी उचलली.