एकुलती एक तबकडी

“अजून किती वेळा वाजेल ही, बाबा?”

नीळकंठ सबनीसांनी लाखेची तबकडी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. दस्तगीरबाबांच्या हाती द्यायला त्यांचा जीव धजत नव्हता.

“किती वेळा वाजवलीस?”

“एकदाही नाही.”

मिरजेत दर्ग्यामागे दस्तगीरबाबांची खोली होती. फकीर माणूस. हातात विद्या होती, म्हणून लोकांचे जुने फोनो दुरुस्त करून द्यायचे. कलेक्टर आला तरी बाबा त्याला अरेतुरेच करायचे.

सबनीसांना ते जरा झोंबलं. घरी तेराशे रेकॉर्डी, सगळ्या नंबर घालून लावलेल्या. एकीवर ओरखडा नाही. धूळ येते म्हणून खिडक्या बंद, बोटं लागतात म्हणून माणसं बंद. आताशा घरी कुणी येतही नसे.

“आईची आहे ही,” ते म्हणाले. “लग्नाआधी रेकॉर्डसाठी एकच पद गायली. सासरी गाणं सुटलं ते सुटलंच. जगात ही एवढीच उरलीय. वाजवली की झिजणार… म्हणून विचारतो.”

“आवाज कसा होता आईचा?”

सबनीसांनी तोंड उघडलं. काहीच आठवेना. आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

“गोड होता.”

“गोड तर गूळही असतो.”

…

बाबांनी फोनोला चावी दिली. डबीतून कोरी पिन काढून बसवली आणि हात पुढे केला.

सबनीसांची बोटं सुटता सुटेनात. बाबांनी घाई केली नाही. हात तसाच धरून बसले.

शेवटी तबकडी त्या हातात गेली.

आधी नुसती खरखर. मग कर्ण्यातून एक पोरसवदा आवाज आला. गोड नव्हता तो. उंच होता, किंचित घाबरलेला, आणि तान घेताना भलताच धीट. रेकॉर्ड करताना बंद दाराआड गायलेलं पद. समोर श्रोता नाही, समेवर मान हलवायला कुणी नाही.

तीन मिनिटांत पद संपलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गाणाऱ्या मुलीनं शेवटी घाईघाईनं आपलं नाव सांगितलं.

“मी कृष्णा, मुक्काम कुरुंदवाड.”

सबनीसांचे डोळे भरून आले. घरात तिला सगळे वहिनी म्हणत. कृष्णा हे नाव त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“वाहवा, कृष्णाबाई!” बाबा कर्ण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले. “जियो!”

तबकडी फिरतच होती. सबनीस ताडकन उठले.

“बाबा, उचला! पिन घासतेय!”

बाबांनी पिन उचलली. फोनो थांबवला.

सबनीसांनी तबकडी उजेडात धरली. चष्मा वर करून कडेपासून मधल्या कागदापर्यंत निरखून पाहिली. उलटी केली, पुन्हा पाहिली. मग फडक्यात गुंडाळून छातीशी धरली.

“फार झिजली का हो?”

बाबांनी पिनांच्या डबीचं झाकण लावलं.

“पोरीनं इतक्या वर्षांनी नाव सांगितलं… आणि तू म्हणालास, पिन घासतेय.”